तळपायाची जळजळ, मुंग्या, बधिरपणा: घरी काय बघायचं, कुणाकडे जायचं, तिथे काय विचारायचं

तळपायाची आग होतेय म्हटलं की आपल्याकडे घरोघरी पहिलं निदान एकच, उष्णता झालीये. मग सब्जा भिजत पडतो, धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, गुलकंदाची बरणी निघते आणि रात्री कुणीतरी काशाच्या वाटीने तूप चोळायला बसतं. यातल्या कशालाच माझा विरोध नाही, वाटीने चोळलं की झोप छान लागते हे खरंच आहे. पण हेच करत करत लोक वर्ष दोन वर्षं काढतात, आणि मग कधीतरी आग आपोआप कमी होते आणि सगळे खूश, चला उष्णता गेली एकदाची. खरी गडबड इथेच असते, कारण नस खराब होताना आधी आग, टोचणी, मुंग्या असा सगळा दंगा करते आणि पुढे काही जणांत ती चक्क गप्प होते. जळणारा पाय निदान लक्ष तरी वेधून घेतो. बधिर पाय काहीच मागत नाही आणि डॉक्टर लोक जास्त धास्तावतात ते या पायाला.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. बाबांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे, त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसून आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते एका जागी लिहितेय. कुठल्याही गोळीचा डोस इथे सापडणार नाही, तो ज्याने त्याने आपल्या डॉक्टरकडून घ्यायचा.

आता नसेचा त्रास ओळखायचा कसा. सत्यनारायणाला मांडी घालून बसलात, उठताना पाय झोपला, मुंग्या आल्या आणि दोन-चार मिनिटांत गेल्या तर ते सगळ्यांनाच होतं, नस तेवढ्यापुरती दबलेली असते, सोडून द्या. वेगळं ते जे काही न करता होतं, दोन्ही पायांना साधारण सारखंच होतं, बोटांच्या टोकांपासून सुरू होतं आणि महिन्यांमागून महिने हळूहळू वर चढत घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत येतं, म्हणजे मोजा घातल्यावर जेवढा भाग झाकला जाईल तेवढा. रात्री अंथरुणावर पडलं की वाढतं. कुणाला सुया टोचतात, कुणाला मधूनच करंट लागतो, कुणाला पायावर चादर सुद्धा सहन होत नाही. आणि दुसरा प्रकार म्हणजे ज्यात दुखत काहीच नाही, फक्त कापसावर चालल्यासारखं वाटतं, पायाखाली फरशी आहे की चटई ते कळत नाही, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही आणि माणूस एका पायात चप्पल घेऊन घरात येतो. अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, रात्री लाईट गेली की भिंत धरावी लागते, हे पण त्यातलंच. पायाकडून मिळणारी खबर कमी झाली की शरीर डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळत असतं, डोळे मिटले की तो भरवसा गेला.

बोटांपासूनच का सुरू होतं हे मला बरीच वर्षं कोडं होतं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा कमरेपासून थेट पायाच्या बोटांपर्यंत जातात. पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायटीचं पाणी कसं सगळ्यात आधी कमी होतं आणि टँकर पण तिथेच पहिला लागतो, तसंच हे. शुगर असो की व्हिटॅमिनची कमतरता, मार सगळ्याच नसांना बसत असतो, पण सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी राहतं. त्रास गुडघ्यापर्यंत चढला की मग हातांच्या बोटांची पाळी येते.

पायाचं प्रत्येक दुखणं नसेचंच असतं असं पण नाही. कमरेतून निघून एकाच पायात कळ जात असेल तर बहुतेक मणक्याजवळ नस दबलेली असते. थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हा रक्तपुरवठा कमी पडत असल्याचा प्रकार असू शकतो, सिगरेट ओढणाऱ्यांनी आणि शुगरवाल्यांनी हा अजिबात अंगावर काढू नये. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना फक्त टाच ठणकते आणि चार पावलं टाकली की कमी होते, ते टाचेचं दुखणं, त्याचा मार्ग वेगळा.

कधी थांबायचंच नाही

अपॉइंटमेंट, पुढचा सोमवार, हे सगळं विसरून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं असे काही प्रकार आहेत. एक म्हणजे पायांतली ताकद काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत कमी होत वर चढतेय, काल जिना चढला आणि आज खुर्चीतून उठवत नाही, त्यात आठ-पंधरा दिवसांपूर्वी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलाय. हा गुइलेन बारे सिंड्रोम असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते तो आजार, आणि पुणेकरांना तो वेगळा सांगायला नको, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात शंभराहून जास्त पेशंट निघाले होते आणि दूषित पाण्यावर संशय होता. यात अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो म्हणून घाई करायची, उपचार आहेत आणि वेळेत गेलं तर बहुतेक जण सावरतात. दुसरं, कंबरदुखीबरोबर बसायच्या जागेला बधिरपणा आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. तिसरं, एकाच बाजूचा हात-पाय अचानक बधिर किंवा लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, हा लकवा समजून एक मिनिट घालवायचं नाही. गाडी नसेल तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा.

आणि अचानक पाऊल लोंबायला लागलं, चवडा वर उचलला जात नाही, चालताना चप्पल फरफटते, तर हे पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचंच.

घरी दोन मिनिटांत करायची तपासणी

इंग्लंडमधल्या इप्सविच गावात ही पद्धत निघाली, साधन काही लागत नाही, फक्त दुसरा माणूस लागतो. आई किंवा बाबांना पाय लांब करून झोपवा, डोळे मिटायला सांगा, पाय ओळखता यायला उजवा-डावा आधीच सांगून ठेवा. मग आपल्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलकं लावायचं, सेकंद दोन सेकंद, दोन्ही पायांना, म्हणजे एकूण ६ जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या तर अजिबात नाही, आणि लागलं नाही म्हणून परत त्याच जागी जोर लावून विचारायचं नाही. कळलं की त्यांनी उजवा किंवा डावा म्हणायचं. ६ पैकी २ किंवा जास्त जागा चुकल्या तर संवेदना कमी झाल्याची शक्यता बरीच आहे, डॉक्टरकडे जा. सगळं बरोबर आलं तरी शुगर असेल तर वार्षिक तपासणी सुटत नाही बरं का.

बाबांची ही तपासणी दवाखान्यात पहिल्यांदा झाली तेव्हा मी शेजारीच उभी होते. डॉक्टरांकडे मासेमारीच्या दोऱ्यासारखा एक जाडसर नायलॉनचा धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात, तो तळव्याला टेकवून वाकला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. बाबा डोळे मिटून झोपलेले. धागा अंगठ्याखाली टेकला, वाकला, मग चवड्यावर, मग करंगळीच्या खाली, आणि बाबा एकदम शांत. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “लावा की डॉक्टर, मी तयार आहे.” डॉक्टर म्हणाले, “काका, तीन ठिकाणी लावून झालं.” पाय अजिबात दुखत नाहीत असं सांगत ते आत आले होते आणि ते खोटं बोलत नव्हते.

कारण शोधल्याशिवाय गोळी नको

सगळ्यात मोठं कारण शुगर, यात वाद नाही. टाइप २ मध्ये निदान व्हायच्या आधीच शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असू शकते, म्हणून निदान झालं त्याच वेळी पाय तपासायचे आणि मग दरवर्षी. टाइप १ वाल्यांनी ५ वर्षं झाली की दरवर्षी. शुगर नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पण एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, करून बघा, ६.५ टक्के किंवा वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, आणि काठावरच्यांना पण पायाच्या नसांचा त्रास होऊ शकतो.

दुसरं कारण पुण्यात फारच घरोघरी आहे, बी १२. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी १२ कमी निघालं आणि शाकाहारी लोकांत धोका जास्त. “आम्ही रोज दूध-ताक घेतो ना” हे मी इतक्या वेळा ऐकलंय, दूध-दह्यात बी १२ असतं पण चहात घातलेल्या दुधावर भागत नाही. त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती बी १२ चं शोषण कमी करते, आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय असेल तर ती पण. म्हणजे शाकाहारी, शुगरची गोळी चालू आणि ॲसिडिटीची पण चालू असा माणूस असेल, आणि असा माणूस प्रत्येक सोसायटीत दहा-वीस तरी सापडेल, तर त्याचे पाय बधिर झाल्यावर सगळं शुगरच्या नावावर ढकलायचं नाही. बी १२ ची कमतरता भरून निघते, ती राहून गेली तर वाईट वाटेल.

इथे एक गोष्ट जपा. रक्त देण्याआधी मेडिकलमधून बी १२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शन आपल्या मनाने सुरू करू नका. रिपोर्ट छान दिसतो आणि मूळ काय होतं ते कळतच नाही. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमी धरतात, २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टिनसारखी अजून एखादी टेस्ट सांगू शकतात.

मग दारू. हे कारण डॉक्टरांसमोर बाहेर येतच नाही कारण शेजारी मुलगा नाहीतर सून बसलेली असते. तुम्ही सोबत गेला असाल तर पाच मिनिटं बाहेर जाऊन बसा, पाणी प्यायच्या निमित्ताने, डॉक्टर विचारतील आणि काका सांगतील. बाकीची कारणं म्हणजे थायरॉइड कमी असणं, किडनीचा आजार, केमोथेरपीची काही औषधं, टीबीची आयसोनियाझिड ही गोळी, जिच्याबरोबर म्हणूनच बी ६ देतात. आणि तेच बी ६ मोठ्या डोसमध्ये महिनोनमहिने घेतलं तर उलट नसा खराब करतं, त्यामुळे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन नर्व्ह टॉनिक एकदम चालू असतील तर पाकिटं उलटी करून बघा, सगळ्यात बी ६ सापडेल. भस्म किंवा पुड्या घेत असाल तर त्या पण सांगायच्या, लपवायच्या नाहीत, काहींमध्ये शिसं किंवा आर्सेनिक सापडलेलं आहे आणि ते नसांना घातक आहे.

कुष्ठरोग पण आहे, अजूनही आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर लाजायचं कारण नाही, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि पूर्ण कोर्स घेतला की बरा होतो, उशीर झाला तर मात्र नसांचं झालेलं नुकसान मागे राहतं.

पुण्यात कुणाकडे जायचं

पाय म्हटलं की लोक थेट हाडाच्या डॉक्टरकडे जातात, एक्स-रे निघतो, एक्स-रेत नस दिसत नाही, “काही नाही” म्हणून घरी. दोन्ही पायांची बोटं बधिर असतील तर सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन फिजिशियनकडून करा, शुगर असेल तर तुमचे शुगरवाले डॉक्टर. बहुतेक केसेस तिथेच मार्गी लागतात. न्यूरोलॉजिस्ट कधी, तर एकाच पायाला जास्त असेल, भरभर वाढत असेल, बधिरपणापेक्षा अशक्तपणा जास्त असेल, पायाआधी हातांना सुरुवात झाली असेल, पेशंट तरुण असेल किंवा साध्या तपासण्यांत कारणच सापडत नसेल. जखम असेल तर सर्जन किंवा डायबेटिक फुट क्लिनिक.

खर्चाचा प्रश्न असेल तर स्टेशनजवळचं ससून आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीत वायसीएम. ओपीडी सकाळची असते, केसपेपरची रांग असते, लवकर जा, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा, आणि पायाला त्रास असलेल्या माणसाला रांगेत उभं करू नका, तुम्ही उभे राहा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, हे बोर्डावर कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते आधी विचारा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा.

जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, “ती पांढरी छोटी गोळी” असं सांगण्यात सगळ्यांचाच वेळ जातो. मागच्या वर्षभराचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एका कागदावर लिहा, कधी सुरू झालं, कुठून सुरू झालं, आता कुठपर्यंत आलंय, रात्री झोप मोडते का, तोल जातो का, पडलात का, दारू-तंबाखू किती, घरात अजून कुणाला असं आहे का. आणि “पाय दुखतात” एवढंच सांगून थांबू नका, जळतात का, टोचतात का, करंट लागतो का की काहीच कळत नाही हे वेगवेगळं सांगा, त्यावरून डॉक्टर बरंच ओळखतात. रोजची चप्पल किंवा बूट घालूनच जा, लग्नातले नकोत, कारण तळ कुठे झिजलाय हे पण बघतात. आणि आत गेल्यावर न सांगता मोजे काढून बसा. खूप गर्दीच्या ओपीडीत मोजे घातलेला पाय बघायचा राहून जातो, उघडा पाय समोर आला की नजर जातेच.

तपासण्या

पाय बघतील, नाडी बघतील, घोट्यामागे हातोडीने ठोकून रिफ्लेक्स, मोनोफिलामेंट, आणि १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते. काही ठिकाणी बायोथेसिओमीटर नावाचं मशीन असतं, त्यात थरथर किती व्होल्टला कळली ते आकड्यात येतं, २५ च्या वर गेलं तर जखम व्हायचा धोका जास्त. दंडाचं आणि घोट्याचं बीपी ताडून बघतात, ते गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी म्हणजे पायाचा रक्तपुरवठा कमी. रक्तात शुगर, एचबीएवनसी, बी १२, थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन, सीबीसी एवढं तर असतंच, कधी प्रोटीनची एक टेस्ट पण सांगतात.

एनसीव्हीला, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या टेस्टला, लोक घाबरतात. पायाला चिकटपट्ट्या लावून बारीक बारीक शॉक देतात, टकटक होतं, सहन होण्यासारखं असतं. ईएमजी, म्हणजे स्नायूंची टेस्ट, पण सांगितली असेल तर त्यात स्नायूत बारीक सुई जाते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. त्या दिवशी पायाला तेल, क्रीम, काशाची वाटी काही नको, पट्ट्या चिकटत नाहीत. थंडीत जाताना मोजे घालून जा, पाय गार असतील तर नसेचा वेग उगीच कमी येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एनसीव्ही नॉर्मल आली म्हणजे मनाचे खेळ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ही टेस्ट जाड नसांची आहे, जळजळ आणि गरम-गार कळवणाऱ्या बारीक नसा त्यात येतच नाहीत.

निघण्याआधी विचारून घ्या: कारण काय वाटतंय, पायाची संवेदना शाबूत आहे की गेलीये, रक्तपुरवठा कसा आहे, आणि परत कधी दाखवू. उत्तरं तिथेच फाईलवर लिहून घ्या, रिक्षात बसेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

औषधांकडून किती अपेक्षा ठेवायची

दोन कामं वेगळी आहेत, कारण थांबवणं आणि दुखणं कमी करणं. शुगर ताब्यात ठेवणं, बी १२ भरणं, दारू बंद, थायरॉइड नीट, हे पहिलं काम. बी १२ ने फरक पडायला महिने लागतात आणि खूप उशीर झाला असेल तर थोडं मागे राहतं. शुगरमुळे गेलेली नस सहसा पूर्ववत होत नाही पण पुढची घसरण मंदावते, आणि त्यासाठी शुगर एकदम धाडकन खाली आणायची पण नाही, फार भरभर उतरवली तर काहींची जळजळ काही काळ उलट वाढते.

दुखण्यासाठी प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं वापरतात. साध्या पेनकिलरचा नसेच्या दुखण्यावर फारसा उपयोग नाही आणि शुगरवाल्यांच्या किडनीला ती रोज परवडणारी पण नाही. या गोळ्या थोड्यापासून सुरू करून वाढवतात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका आणि बरं वाटलं म्हणून पण अचानक बंद करू नका. प्रीगाबालिनने झोप येते, गरगरतं, पायाला सूज येऊ शकते, म्हणून सुरुवातीच्या रात्री म्हाताऱ्या माणसाच्या बाथरूमच्या वाटेवर लाईट चालू ठेवा. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवी अडकू शकते. शेजारच्या काकूंना बरं वाटलं म्हणून त्यांच्या पाकिटातली गोळी घेणं हा प्रकार पेठांपासून हिंजवडीपर्यंत सगळीकडे चालतो, तो बंद करा.

बधिर पाय सांभाळायचा कसा

रोज रात्री पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बोटांच्या मध्ये बघायचं, पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात आणि त्यांतूनच इन्फेक्शन आत शिरतं. पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, भेगांना क्रीम लावा पण बेचक्यांत लावू नका. नखं सरळ कापा, कोपरे खणू नका, नखुरडं झालं तर दाखवा. कुरूप ब्लेडने कापायचं नाही आणि मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टी पण नको, त्यात ॲसिड असतं, ते चांगली कातडी पण जाळतं आणि बधिर पायाला कळत नाही.

गरम पाणी हा मोठा शत्रू. पाय दुखले की मीठ घालून गरम पाण्यात बुडवून बसायचं, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं आहे. पाय बधिर असेल तर पाणी किती गरम ते पायाला कळतच नाही, भाजून फोड येतो आणि सकाळी मोजा ओला लागल्यावर समजतं. कोपराने पाणी बघा, आणि बुडवून ठेवणं तर नकोच. डिसेंबरातली हॉट वॉटर बॅग, हीटर, शेकोटी, बाइकचा सायलेन्सर, सगळं त्याच यादीत. काशाची वाटी हवीच असेल तर हलक्या हाताने, जखम-फोड नसताना, आणि आधी पाय बघून.

अनवाणी चालायचं नाही, घरात पण नाही, आणि इथेच घरात भांडणं होतात. देवाला जाताना काय? एप्रिल-मे मध्ये दुपारी पर्वतीच्या नाहीतर चतुःशृंगीच्या पायऱ्या तापून निघतात आणि ज्याला चटका कळत नाही तो शांतपणे चढून येतो. सकाळी लवकर जा, जाड मोजे घाला, देव काही म्हणत नाही. वारीला जायचं असेल तर पालख्या पुण्यात यायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना पाय दाखवा, नवे बूट दिवे घाटात पहिल्यांदा घालू नका, रोज मुक्कामावर मोजे काढून बघा.

पादत्राणं संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बधिर पायाला घट्ट बूटच बरोबर वाटतो कारण सैल बूट जाणवतच नाही, त्यामुळे पेशंटला “बसतंय का” विचारून उपयोग नाही, तुम्ही दाबून बघा. अंगठ्याच्या पुढे थोडी जागा, मऊ तळ, मागे पट्टा. अंगठ्याच्या सपाता निसटतात आणि घासतात. एमसीआर रबराच्या मऊ तळाच्या चपला मिळतात, दिसायला ठीकठाकच, पण कामाच्या. बागेबाहेर मिळणाऱ्या काटेरी ॲक्युप्रेशर चपला मात्र बधिर पायाला नकोच, विकणारा काहीही सांगो. बूट घालण्याआधी हात घालून बघा, खडा असतो, मुलांची खेळणी असतात. आणि गाडी चालवत असाल तर ब्रेकवर पाय नीट कळतोय का हे स्वतःला खरं खरं विचारा.

जखम झाली, कितीही बारीक, तर स्वच्छ पाण्याने धुवून कोरडी पट्टी लावा आणि हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका. एक-दोन दिवसांत सुकायला लागली नाही, लाल झाली, सूज, पू, वास, ताप, बोट काळं पडतंय, तर त्याच दिवशी दाखवा, दुखत नाही म्हणून सोडू नका. अजून एक प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो, जखम काहीच नाही पण एक पाय अचानक सुजला, लाल, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतोय आणि त्यामानाने दुखत नाही. मुरगळला असेल म्हणून लोक मलम चोळून चालत राहतात. शुगरवाल्यांत हा शार्को फुट असू शकतो, आत हाडं खचत असतात आणि प्रत्येक पावलागणिक पायाचा आकार बिघडतो. त्या पायावर वजन टाकणं बंद करा आणि लगेच जा, आणि “शार्को असेल का” हे स्वतःहून विचारा.

परत कधी दाखवायचं ते पायावर ठरतं. संवेदना शाबूत असेल तर वर्षातून एकदा पुरे. बधिरपणा आला असेल तर ६ ते १२ महिन्यांनी, सोबत रक्तपुरवठा कमी किंवा बोटं वाकडी असतील तर ३ ते ६ महिन्यांनी, आणि आधी कधी जखम होऊन गेली असेल किंवा बोट काढावं लागलं असेल तर १ ते ३ महिन्यांनी. पुढची तारीख दवाखान्यातून निघतानाच घ्या आणि घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये टाकून ठेवा, एकट्या बाबांच्या लक्षात राहील या भरवशावर नको.